क्लॅरिनेटला खुर्ची

लायब्ररीत आवाज करायचा नसतो, हे आपल्याला इतक्या लहानपणी शिकवलेलं असतं की एखाद्या लायब्ररीत चार-पाचशे माणसं चक्क वाजवणं ऐकायला जमलेली बघितली की आधी हसूच येतं. मला तरी आलं होतं.

लायब्ररी साधीसुधी नव्हती, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस. दोनेक वर्षांपूर्वी मी ऑनसाइट होतो, रेस्टनला. वीकेंडला करायचं काय हा ऑनसाइटवाल्यांचा कायमचा प्रश्न. मॉल बघून झाले, देशी ग्रोसरी आणून झाली, रूममेटचा राजमा खाऊन झाला. मग कोणीतरी सांगितलं की लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कॉन्सर्ट असतात आणि फुकट असतात. दुसरा भाग ऐकून मी लगेच नाव नोंदवलं. सिल्व्हर लाइन पकडली की थेट कॅपिटल साउथला उतरायचं, तिथून पाच मिनिटं चालत. कार्यक्रम काय आहे हे मी गाडीत बसल्यावर वाचलं : ब्राह्म्स, क्लॅरिनेट क्विंटेट. ब्राह्म्स म्हणजे कोणीतरी दाढीवाला, एवढीच माझी तयारी. क्लॅरिनेट मात्र माहीत होता. जरा जास्तच माहीत होता. ते पुढे येईलच.

आधी त्या हॉलबद्दल. नाव कूलिज ऑडिटोरियम. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज नावाची शिकागोची एक श्रीमंत बाई होती, स्वतः पियानो वाजवणारी. चेंबर म्युझिकचं तिला वेड. चेंबर म्युझिक म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत, तीन-चार-पाच वादक, कंडक्टर नाही, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. आपल्या बैठकीच्या जवळचा प्रकार. या संगीताला राजवाडे होते, श्रीमंतांचे दिवाणखाने होते, पण सामान्य माणसानं ते ऐकायचं कुठे? बाईंनी ठरवलं, लायब्ररीत. देशाच्या लायब्ररीला पैसे दिले, इमारतीच्या एका चौकात हा हॉल बांधून घेतला आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये पहिला महोत्सव झाला. पुढे १९३०च्या दशकात गर्ट्रूड व्हिटल नावाच्या दुसऱ्या बाईंनी पाच स्ट्रॅडिव्हेरियस वाद्यं लायब्ररीला दिली आणि आग्रह असा की ती कपाटात शोभेला ठेवायची नाहीत, वाजवायची. मला ही कल्पना फार आवडली. पुस्तक नुसतं रॅकवर असून भागत नाही, कोणीतरी उघडावं लागतं, तसंच हे. आरॉन कोपलंडचं 'ॲपलाशियन स्प्रिंग' पहिल्यांदा याच हॉलच्या छोट्या स्टेजवर झालं, ३० ऑक्टोबर १९४४ला, कूलिजबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवशी. वादक तेरा, त्यात एक क्लॅरिनेट.

तर मी मागच्या रांगेत बसलो. शेजारी एक म्हातारी बाई, मांडीवर लायब्ररीतूनच घेतलेलं असावं असं जाडजूड पुस्तक. स्टेजवर पाच खुर्च्या अर्धवर्तुळात. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि क्लॅरिनेट. पाचही जण आले, वाकून नमस्कार केला आणि बसले.

बसले. माझं डोकं तिथेच अडकलं. क्लॅरिनेटवाला बसला!

मी नागपूरचा. उत्तर नागपुरातल्या वस्तीत वाढलेला. क्लॅरिनेटवाला मी आयुष्यभर बघितला तो चालताना. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र रोजची चप्पल. पुढे नवरदेवाची घोडी, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे धरलेल्या बाया, मागे जनरेटरची गाडी, आणि मध्ये ढोल, साइड ड्रम, ट्रम्पेट. आणि सगळ्यांच्या पुढे, गाण्याची ओळ धरून, क्लॅरिनेट. माझे आजोबा.

होय, आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दिवसा एम्प्रेस मिलमध्ये कामाला, लगनसराईत संध्याकाळी बँड. एम्प्रेस मिल म्हणजे टाटांची, १८७७ साली सुरू झालेली. नंतर ती बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. मी शाळेत असताना आजोबा गेले. घरात त्यांच्या वाजवण्याबद्दल कोणी बोलत नसे. बाबा तर अजिबातच नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे पेढे वाटताना शेजारचे कोणीतरी म्हणाले, "बँडवाल्याचा नातू इंजिनिअर झाला!" कौतुकानं म्हणाले होते बिचारे. बाबांनी त्यांच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आता ब्राह्म्सकडे येतो. ही गोष्ट मी नंतर वाचली, पण इथेच सांगतो. १८९० साली, सत्तावन्नाव्या वर्षी, ब्राह्म्सनं ठरवलं की झालं आता, लिहिणं बंद. मार्च १८९१ मध्ये तो माइनिंगेन या गावी गेला आणि तिथल्या ऑर्केस्ट्रातल्या रिशार्ट म्यूलफेल्टचा क्लॅरिनेट त्यानं ऐकला. म्यूलफेल्ट मुळात व्हायोलिनवाला, क्लॅरिनेट बराचसा आपला आपण शिकलेला. ब्राह्म्सचा रिटायरमेंट प्लॅन तिथेच कोसळला. त्याच उन्हाळ्यात त्यानं क्लॅरिनेटसाठी एक ट्रायो आणि हे क्विंटेट लिहिलं.

सुरुवात व्हायोलिननं होते, आणि मग क्लॅरिनेट आत येतो. 'येतो' हा शब्दही जास्त आहे. खोलीत कोणीतरी आधीपासून बसलेलं असावं आणि आपलं लक्ष आत्ता जावं, तसं झालं. आवाज नेमका कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. मी दचकलो, कारण मला वाटत होतं क्लॅरिनेट म्हणजे कर्कश. चार गल्ल्या पलीकडे ऐकू गेला पाहिजे असा. इथे तो माणूस इतकं हळू वाजवत होता की शेजारच्या बाईंनी पुस्तकाचं पान मिटलेलं ऐकू आलं.

दुसरा भाग संथ. चारही तंतुवाद्यांच्या घोड्यांवर म्यूट लावलेले, आवाज मऊ झालेला. मधे एका ठिकाणी ती चारही वाद्यं नुसती थरथरत राहतात, तानपुऱ्यासारखी म्हणा, आणि क्लॅरिनेट सुटतो. वर चढतो, घरंगळत खाली येतो, एका सुरावर थांबून त्याला घोळवतो, पुन्हा उठतो. कागदावर लिहिलेलं आहे हे खरं वाटू नये, असं. हंगेरीतले रोमा वादक लग्नात, खानावळीत जे वाजवायचे त्याची ती सावली आहे, असं जाणकार सांगतात. तरुणपणी, १८५३ साली, ब्राह्म्स एका हंगेरियन व्हायोलिनवाल्याबरोबर साथीला हिंडला होता, तेव्हापासूनच त्याच्या कानात ते असणार. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की हे मी ऐकलेलं आहे. वरात मांडवाच्या दारात थांबते, ढोल क्षणभर गप्प होतो, आणि क्लॅरिनेटवाला एकटाच नवरीच्या पाठवणीची धून काढतो, तेव्हा अगदी असंच घरंगळतं ते.

डोळ्यांत पाणी वगैरे आलं. शेजारच्या बाईंनी न बोलता टिश्यू पुढे केला. असो.

रात्री परत जाताना मेट्रोतूनच बाबांना फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. मी म्हटलं, "बाबा, आज क्लॅरिनेट ऐकला. लायब्ररीत. खुर्चीवर बसून वाजवत होता माणूस, आणि पाचशे लोक चुपचाप ऐकून राहिले होते."

बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं कॉल कटला. मग बाबा म्हणाले, "बसून?"

एवढंच. नंतर विषय बदलून म्हणाले, थंडी कशी आहे तिकडे, स्वेटर घालून राहतो की नाही.

ती गोष्ट बाबांनी मला सांगितली ती मी परत आल्यावर, आणि तीही आई घरी नसताना. बाबा नववीत होते. पश्चिम नागपुरात राहणाऱ्या वर्गमित्राच्या मोठ्या भावाचं लग्न. सगळ्या वर्गाला बोलावणं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मित्रांबरोबर मांडवात बसले होते, सरबत झालं होतं, आणि वरात आली. सगळी मुलं बँड बघायला दाराशी धावली. बाबाही. समोर लाल कोटात आजोबा. दोघांची नजरानजर झाली. आजोबांनी वाजवणं थांबवलं नाही, पण नजर दुसरीकडे नेली, मुलाला अडचण नको म्हणून. बाबा मांडवाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे आचाऱ्यांची भांडी पडलेली. तिथून त्यांना दिसलं ते हे, की पंगती उठत राहिल्या आणि बँडवाले रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. सगळ्यांचं झाल्यावर त्यांना पत्रावळी मिळाल्या. तिथेच, रस्त्यावर.

"मी जेवलो नाही त्या दिवशी," बाबा म्हणाले. "पण मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो पण नाही."

आपल्याकडे वाजवणाऱ्याची जात आधी बघायची आणि वाद्य नंतर, हे कोणाला नव्यानं सांगायला नको. त्याच्या सुरांशिवाय लग्न पुरं होत नाही, पण तो मांडवाच्या आत येत नाही. गवयाला बैठक असते, सतारियाला गालिचा असतो, तबल्याला रिंग असते. क्लॅरिनेटला रस्ता.

बाबांचं ऐकल्यानंतर मी बरंच वाचत सुटलो. (रविवारी दुसरं काय करणार.) मला बघायचं होतं की हा दोष वाद्यातच आहे का. नाही. उलट वाद्य म्हणून ते भलतंच हुशार आहे. साधारण १७००च्या सुमारास न्यूर्नबर्गच्या योहान क्रिस्तोफ डेनरनं ते बनवलं. नळी सरळसोट, आणि पत्तीच्या बाजूनं ती बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे होतं काय, तर बासरी जोरात फुंकली की सूर एका सप्तकानं वर उडी मारतो, सनईचंही तसंच. पण क्लॅरिनेटची वरची चावी दाबली की सूर सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर जातो. त्या मधल्या अंतरात सूर भरायचे म्हणून इतक्या चाव्या. याच रचनेमुळे त्याच्या खालच्या सुरांना तो गडद, लाकडी आवाज येतो. आणि फुंकेच्या सगळ्या वाद्यांमध्ये सर्वांत हळू आवाज काढू शकणाऱ्यांत क्लॅरिनेट पहिला. शांततेतून उगवतो आणि शांततेत विरतो. म्हणजे खोलीत बसून वाजवण्यासाठीच जणू तो केलेला आहे.

मोझार्टला ते कळलं होतं. त्यानं आपला वादक मित्र आंतोन श्टाडलरसाठी सप्टेंबर १७८९ मध्ये क्लॅरिनेट क्विंटेट पुरं केलं. ब्राह्म्सच्या शंभर वर्षं आधी.

आणि तिकडेही क्लॅरिनेट काही फक्त दिवाणखान्यात जन्मलेला नव्हता हो. बेनी गुडमन घ्या. शिकागोतला गरीब स्थलांतरित शिंप्याचा मुलगा, बारा भावंडांतला नववा. सिनेगॉगच्या मुलांच्या बँडमध्ये वाद्यं वाटताना थोरल्या भावाला ट्यूबा मिळाला, दुसऱ्याला ट्रम्पेट, आणि हा सगळ्यांत छोटा म्हणून याला क्लॅरिनेट. मोठा होऊन तो नाचाच्या बँडचा राजा झाला. आणि त्याच माणसानं १९३८ साली बुडापेस्ट क्वार्टेटबरोबर मोझार्टचं तेच क्विंटेट रेकॉर्ड केलं. हे क्वार्टेट पुढे १९६२ पर्यंत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मुक्कामाला होतं, व्हिटलबाईंची स्ट्रॅडिव्हेरियस वाजवत.

आपल्याकडचंही एक उदाहरण सापडलं, आणि तेही भोसल्यांच्या घरात. आमच्या नागपूरच्या भोसल्यांच्या नव्हे, तंजावरच्या. सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे. मराठी राजा, तमिळ मुलूख, आणि पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड. त्या ग्रंथालयात मोडी कागद आणि ताडपत्रांच्या जोडीला युरोपीय संगीताची पुस्तकंही आहेत. तंजावरच्या त्या वातावरणातच एकोणिसाव्या शतकात महादेव नट्टुवनार यांनी नृत्याच्या साथीला क्लॅरिनेट घेतला असं मानतात. पुढे ए. के. सी. नटराजन यांनी तो साथीतून काढून कर्नाटक संगीताच्या मुख्य मैफलीत बसवला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्या उंबऱ्यावर, रायचूरचे नरसिंहलू वडवाटी हिंदुस्थानी राग क्लॅरिनेटवर वाजवणारे. म्हणजे बसवलं की बसतो. कोणीतरी खुर्ची द्यावी लागते.

इथपर्यंत सगळं वाचनातलं झालं. माझ्या अंगात मग किडा वळवळायला लागला.

आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. विहाराच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, चार कपाटं पुस्तकं, लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांचा पुस्तकासह फोटो. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री अकरापर्यंत बसलेली. मीही बारावीला तिथेच बसलो होतो. मी कमिटीकडे गेलो आणि म्हटलं, एका रविवारी संध्याकाळी एक तास क्लॅरिनेट ऐकायचा. इथेच, पुस्तकांमध्ये.

कमिटीतले एक वडीलधारे काका एकदम उखडले. "डोकं फिरलं का तुझं? दुसऱ्याच्या दारात वाजवणं सोडलं, म्हणून आपण या पुस्तकांपाशी आलो. अन् तू ते वाजवणं इथं आणून राहिला?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण काका बरोबर होते. बाबांनी जे लपवलं, ते यासाठीच लपवलं होतं. मी इंजिनिअर झालो तो आजोबांचा क्लॅरिनेट ट्रंकेत गेला म्हणून. घरचं वाद्य विसरायची किंमत त्यांनी मोजली आणि माझी फी भरली. आता मला अमेरिकेत मऊ खुर्चीवर बसून कळवळा आला, म्हणून ते सगळं चूक ठरत नाही.

अभ्यासिकेची चावी सांभाळणारी एक मुलगी आहे, तलाठी परीक्षेची तयारी करते. ती पुस्तकावरून डोकं न उचलता म्हणाली, "काका, बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकून राहिले होते ना? इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर?"

हे खरं आहे. उतारवयात, एवढ्या व्यापात, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. कोणाच्या दारात वाजवायला नव्हे. आपल्या खोलीत, आपल्यासाठी.

काका थोडा वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सहा ते सात. सातला बंद म्हणजे बंद. पोरांचे पेपर आहेत."

वाजवणार कोण हा प्रश्न होताच. आजोबांच्या बँडमधले एक मास्तर अजून आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. आजोबांचे शागीर्द, दुसरा क्लॅरिनेट धरायचे. सीझनला अजूनही कधी कधी उभे राहतात. मी घरी गेलो तेव्हा आधी त्यांना वाटलं मी सुपारी घेऊन आलो. "तारीख कोणती? किती माणसं लागतील?" मी म्हटलं, "एकच. आणि चालायचं नाही, मास्तर. बसून वाजवायचं." ते हसले. मी मोबाइलवर ब्राह्म्सचा तो संथ भाग लावून दिला. डोळे मिटून ऐकलं. तो घरंगळणारा भाग आला तसं मान हलवून म्हणाले, "हा माणूस लग्नात वाजवून आलेला दिसते."

मी काही बोललो नाही. ब्राह्म्सला कळलं असतं तर खूष झाला असता.

रविवार उजाडला. साथीला भीमगीतं गाणाऱ्या मंडळातला पेटीवाला आणि एक ढोलकीवाला. म्हणजे आमचं ट्रायो. श्रोते तीसेक. अर्धे वस्तीतले, अर्धे अभ्यास सोडून बसलेले, दोघं-तिघं अभ्यास न सोडता बसलेले. बाबा आले. येणार नाही म्हणाले होते, पण आले आणि सगळ्यात मागे, कपाटाला टेकून उभे राहिले.

पहिली गोष्ट घडली ती अशी की मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. "बसून श्वास नाही पुरत," म्हणाले. आणि जी फुंक मारली! पन्नास वर्षं रस्त्यावर, ट्रम्पेट आणि जनरेटरच्या वर आवाज काढायची सवय. दोन खोल्यांची अभ्यासिका हादरली. पुढच्या बाकावरच्या पोरीनं सरळ कानात बोटं घातली. मी घाबरून काकांकडे बघितलं, काका घड्याळाकडे.

धून संपली. टाळ्या पडल्या, पण पडायच्या म्हणून. मास्तरांना कळलं. इकडे तिकडे बघितलं, कपाटं, बाकं, इतक्या जवळ बसलेली माणसं. मग खुर्ची ओढली, बसले, पत्ती ओली केली आणि खूप हळू एक खालचा सूर लावला. पहाडी होता. पहिल्यांदा सूर मधेच फाटला. माफी मागितल्यासारखं हसले, पुन्हा लावला. पेटीवाल्यानं भाता जवळजवळ सोडूनच दिला. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवले.

आणि मला ते पुन्हा ऐकू आलं. आवाज कधी सुरू झाला ते कळलं नाही.

मला त्या क्षणी जे समजलं ते हे. रस्त्यानं या लोकांची फक्त बसायची जागा घेतली नव्हती. त्यांच्या वाद्याचा अर्धा आवाज घेतला होता, हळू वाजणारा अर्धा. मास्तरांच्या हातात तो होता, पण माणसांसमोर हळू वाजवायची वेळ पन्नास वर्षांत आली नव्हती. रस्त्यावर हळू वाजवलं तर कोणाला ऐकू जाणार? पैसे कोण देणार? लायब्ररी म्हणजे काय, तर जिथे लोक आधीच गप्प असतात अशी जागा. क्लॅरिनेटला याहून जास्त काही लागत नाही.

शेवटी मास्तरांनी एक जुनी धून घेतली, आजोबांची आवडती म्हणून. दुसऱ्या ओळीला अडखळले. पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा तिथेच अडखळले. आणि मागून, कपाटाजवळून, कोणीतरी ती ओळ गुणगुणली. अगदी बरोबर, हरकतीसकट. सगळ्यांनी वळून बघितलं. बाबा.

मास्तरांनी ओळ उचलली आणि पुरी केली.

नंतर चहा पिताना मी बाबांना विचारलं, तुम्हाला कशी येते? म्हणाले, "रोज ऐकायचो ना. रात्री सरावाला बसायचे ते स्वयंपाकघरात. शेजारी त्रास नको म्हणून भोंग्यात टॉवेल कोंबायचे." मी (सवयीनं) सांगायला गेलो की टॉवेलचा काही उपयोग नसतो, क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक सुरांना वरच्या भोकांतूनच बाहेर पडतो, भोंग्यातून फक्त अगदी खालचा सूर. बाबा म्हणाले, "माहीत आहे. पूर्ण घराला ऐकू यायचं. कोणी त्यांना सांगितलं नाही."

मास्तर निघताना बाबांजवळ थांबले. म्हणाले, "तुझ्या बापानं एका वर्षी त्या बाजूच्या सुपाऱ्याच बंद केल्या होत्या. पैसा चांगला होता तिकडे. आम्ही भांडलो. म्हणे, पोराची शाळा आहे तिकडची, पोराला बरं नाही वाटत."

बाबांनी मान हलवली. काहीच बोलले नाहीत. मास्तरांचा हात धरून त्यांना जिन्यावरून खाली उतरवून दिलं, आणि ऑटोत बसेपर्यंत उभे राहिले.

सात वाजून पाच मिनिटं झाली होती. वरती दिवे पूर्ण लागले, पोरं बाकांवर परतली, काकांनी खुर्ची कोपऱ्यात नेऊन ठेवली. नेताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी पेपर संपल्यावर ठेव."

घरी आल्यावर बाबांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. आजोबांचा क्लॅरिनेट जुन्या धोतरात गुंडाळलेला. चाव्यांवर हिरवट थर, पॅड सगळे कुजलेले, एक स्प्रिंग तुटलेली. बाबांनी तुकडे एकेक करून पेपरवर मांडले, क्रमानं, न चुकता. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मास्तरांना विचार, पॅड बदलायला किती लागतात."